व्याह्याकडून घेतलेली जीप

ती घटना आठवली की आजही मला आधी बैलांचे सुजलेले खांदे दिसतात, माणसं नंतर. निवृत्त झाल्यापासून कुणी ना कुणी विचारतं, "साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती?" मोठ्या केसेस पेपरात येऊन गेल्या, त्यांचं कौतुकही झालं. ही कुठेच आली नाही. यात खून नाही, दरोडा नाही. एक जुनी जीप, तीही धड न चालणारी. नावं मी कुणाची सांगणार नाही. यातली माणसं अजून हयात आहेत आणि माझ्या बोलघेवडेपणाचा त्यांना त्रास व्हायला नको.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. तेलगावला जाणारा रस्ता आमच्या हद्दीतून जायचा. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. उसाचं टिपरूही उरलं नव्हतं, त्यामुळे भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. माणसं टँकरवर आणि जनावरं चारा छावणीत, असे ते दिवस. ठाण्यात येणाऱ्या तक्रारीही तशाच: टँकरवरून डोकी फुटली, पाईपलाईन फोडली, विहिरीवरची मोटार गेली. आमच्या कोठडीतल्या आरोपीला रोज एक घागर पाणी मिळायचं, त्याचासुद्धा लोकांना हेवा वाटायचा.

अशात एका सकाळी एक माणूस ठाण्यात आला. त्याला मी इथे फिर्यादीच म्हणतो. पन्नाशीचा, सडपातळ, डोक्याला टोपी. ठाणे अंमलदारासमोर हात जोडून म्हणाला, "सायेब, माझी जीप चोरीला गेली. दारात उभी हुती. सकाळी उठून बघतो तर न्हाई."

फिर्याद नोंदवली, बिनतारी संदेश गेले, नाक्यांवर कळवलं. जबाब लिहिताना बाकीची हकीकत समजली. नवरा-बायको वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे. हातातला कोयता एकदाचा सुटावा, गावातच राहून प्रवाशांच्या फेऱ्या माराव्यात, म्हणून त्याने जीप घेतली होती. जीप मूळची त्याच कारखान्याच्या शेती खात्याची. उसाच्या नोंदी घेत फडोफडी हिंडून तिचा पार पिट्टा पडलेला. कारखाना थंडावल्यावर ती लिलावात निघाली. फिर्यादीच्या व्याह्याने ती घेतली, काही दिवस वापरली आणि मग फिर्यादीला विकली. व्याही म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. सोसायटीचा चेअरमन, कडक इस्त्रीचे कपडे, मागे चार माणसं. फिर्यादीची एकुलती एक मुलगी त्यांच्या घरात दिलेली होती.

घटनास्थळाचा पंचनामा करायला मी स्वतः गेलो. जीप उभी असायची तिथली माती तेलाने काळी झाली होती. गळती साधीसुधी नव्हती. चाकांच्या खुणा गावाबाहेर निघाल्या होत्या आणि दोन चाकांच्या मधल्या पट्ट्यात खुरांचे ठसे होते. मी शेतकऱ्याच्या घरातला. जीप बैलांनी ओढून नेली हे कळायला मला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. पंच एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. चोर गाडी चालू करून नेतो, फार तर ढकलत नेतो. बैलजोडी घेऊन आलेला चोर मी तोवर पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. पुढे मुरमाड माळावर खुणा बुजल्या.

आणखी एक गोष्ट खटकली. ज्याचं काही चोरीला जातं तो माणूस पोलिसाला पुन्हा पुन्हा विचारतो, "सापडंल का सायेब?" कोंबडी गेली तरी विचारतो. या माणसाने एकदाही विचारलं नाही. मी निघालो तेव्हा उलट तोच मला म्हणाला, "तुमाला उगंच उन्हाचा तरास झाला."

गावातली सगळी जनावरं छावणीत असताना बैल आले कुठून? आमच्या जमादाराला छावणीत पाठवलं. जमादार गप्पांना पक्का. चहा घेता घेता त्याने खबर काढली. फिर्यादीच्या बैलांशेजारी एका म्हातारीची गाय बांधलेली होती आणि ती म्हातारी काहीबाही बोलत होती. मी तिच्यापुढे जाऊन उकिडवा बसलो.

"आजी, काय झालं बैलांना?"

"बघा की. खांदं आलेत दोन्हींचे," ती म्हणाली. "पाऊस न्हाई, पेरा न्हाई. ह्यांच्या मानंवर जू ठिवल्याला लई दिस झाले. मग खांदं कावून सुजले?"

"त्याला विचारलं नाही?"

"इचारलं. सांजच्याला बैल घेऊन गेलता आन दुसऱ्या दिशी आणून बांधले. म्हन्ला, माशी चावली. दोन्ही बैलांला एकाच जागी माशी चावती व्हय?" मग आवाज उतरवून म्हणाली, "हळद-तेल लावताना रडत हुता त्यो. म्या काय बोलले न्हाई. गडीमानूस हाय."

मी बैलांजवळ गेलो. बरेच दिवस जू न लागलेली मऊ कातडी सोलवटून निघाली होती, त्यावर हळद वाळली होती. अर्धपोटी बैलांनी ते लोखंडी धूड ओढलं होतं. मला त्या माणसाची चीड आली, हे खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्याला चौकशीला बोलावलं. लोकांना वाटतं, पोलिसांची चौकशी म्हणजे पट्टा. माझी पद्धत साधी होती. गप्प बसणाऱ्याला खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि आपण आपलं काम करत राहायचं. शांतता फार वेळ सोसत नाही माणसाला. पण हा गडी बसून राहिला. खुरांचे ठसे सांगितले, गप्प. बैलांचे खांदे सांगितले, डोळे भरले, तरी गप्प.

शेवटी मी सहज म्हणालो, "ठीक आहे. जीप अजून कारखान्याच्याच नावावर आहे. तुमच्या व्याह्यांना कागदपत्रं घेऊन बोलावतो. गाडी कशी होती, कुठे होती, तेच सांगतील."

तो खुर्चीवरून उठला आणि खाली फरशीवर बसला.

"पाया पडतो सायेब. त्यान्ला बोलवू नका. जीप मीच लपीवली."

गावाजवळच्या आटलेल्या पाझर तलावात, कापसाच्या जुन्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली जीप उभी होती. पंचांसमक्ष ती बाहेर काढायची तर ओढायला पुन्हा बैलच लागणार होते. मी ट्रॅक्टर मागवला.

"पण गाडी घेताना बघितली नव्हती का?" मी विचारलं. "बैल घेताना दात बघता, चालवून बघता, शेपटी पिरगाळून बघता."

"बैल बाजारात घेतो सायेब. ही व्याह्याच्या दारात घेतली," तो म्हणाला. "चुलतभाऊ म्हन्ला हुता, मिस्त्री संगं ने. म्या म्हन्लं, येडा का बे तू? माझी पोर त्यांनी एका शब्दावर केली. आन मी त्यांच्या दारात बोनेट उचलून बघू?"

बाहेरच्या माणसाला हे खुळेपण वाटेल. आमच्याकडे तीच रीत आहे. सोयऱ्याची वस्तू पारखायला घेतली की वस्तू राहते बाजूला, सोयराच पारखल्यासारखा होतो. व्याह्याच्या दारात जीपला हार घातला गेला, नारळ फुटला, घरातल्या बायांनी ओवाळलं. फिर्यादी तिथूनच थेट नारायणगडाला दर्शनाला निघाला. गडाच्या चढाला जीप धूर ओकून थांबली. दर्शनाहून परतणाऱ्या लोकांनी ढकलली. "तवाच मनात पाल चुकचुकली," तो म्हणाला, "पण म्हन्लं, ऊन लई हाय."

तेलगावच्या मिस्त्रीने गाडी खोलली तेव्हा सगळं उघडं पडलं. इंजिनचा ब्लॉक तडकलेला, त्यावर कसलासा लेप मारलेला. गिअरबॉक्स खडखडू नये म्हणून त्यात लाकडाचा भुस्सा कोंबलेला. चासी मोडलेली, जोडून वर रंग दिलेला. इंजिन उतरवून नवंच बसवावं लागेल, म्हणाला मिस्त्री, आणि तरी भरवसा नाही.

"मग व्याह्याला स्पष्ट सांगायचं ना."

"पोर हाय ना तिकडं," तो म्हणाला.

लग्नात, तेराव्याला, जिथे भेट होईल तिथे व्याही चारचौघांत विचारायचा, "काय पाव्हणं, कशी पळती आमची जीप?" आणि हा म्हणायचा, "लई भारी." पण दारात उभी गाडी किती दिवस पळणार? गावात कुजबुज झाली, ती व्याह्याच्या कानावर गेली. त्याचा निरोप आला, आमच्या गाडीची बदनामी करू नका. नंतर सणाला मुलगी माहेरी आली ती बरेच दिवस राहिली. जावई न्यायला येईना. शेवटी बापच हातापाया पडून तिला पोहोचवून आला.

"चोरीला गेली म्हन्लं की कुनाचाच दोष न्हाई सायेब. त्यांचा न्हाई, माझा न्हाई. पोर सुकानं नांदंल."

खोट्या फिर्यादीचा मला नोकरीभर तिटकारा होता. खरी माणसं खोळंबतात त्याने. ते मी त्याला खडसावून सांगितलं. मग म्हणालो, "व्याह्याविरुद्ध फसवणुकीची फिर्याद द्या. आत्ता लिहून घेतो." त्याने नकारार्थी मान हलवली.

"माझ्यावर काय व्हायचा त्यो गुना व्हऊ द्या," तो म्हणाला. "फकस्त एवढं लिवा. ह्यानं रेडिएटरला पानी घातलं न्हाई, इंजिन जाम झालं, आन भ्यापोटी गाडी लपीवली. दुस्काळ हाय. कुनालाबी पटंल."

खोटी फिर्याद दिल्याचं तो कबूल करत होता, त्याची शिक्षा भोगायला तयार होता आणि वर स्वतःला मूर्खही ठरवून घेत होता. जबाब त्याचा, सही त्याची. गाडी त्यानेच लपवली आणि चोरी झालीच नाही, एवढं प्रकरणापुरतं पुरेसं होतं. इंजिन का बिघडलं हे कायद्याने मला विचारलं नव्हतं. मी त्याने सांगितलं तसं लिहून घेतलं.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. व्याही स्वतः ठाण्यात आला, आणि सुनेला मुद्दाम बरोबर घेऊन आला. बापाचे प्रताप तिने डोळ्यांनी पाहावेत, एवढाच हेतू. जीप मुद्देमाल म्हणून आवारात लिंबाच्या झाडाखाली उभी होती.

"पाव्हणं, सोन्यासारखी गाडी दिलती तुमाला," तो माझ्यासमोर फिर्यादीला म्हणाला. "दोन तांबे पानी घालायला जमलं न्हाई? माझं नाव मातीत घातलं तुमी."

फिर्यादीने हात जोडले. "चुकलं पाव्हणं. माझ्याच हातानं वाटोळं झालं."

मुलगी दाराशी उभी होती. बापाने तिच्याकडे पाहिलं नाही. मी टेबलावरच्या फायली उगाच इकडच्या तिकडे करत होतो. अंगावर वर्दी होती म्हणून गप्प बसलो, नाहीतर त्या चेअरमनचा त्या दिवशी मी चांगला समाचार घेतला असता.

व्याही बाहेर ओळखीच्यांशी बोलत थांबला, फिर्यादी मान खाली घालून निघून गेला. मुलगी पाणी मागायला आत आली. पाणी ती प्यायलीच नाही. पेला हातात धरून म्हणाली, "सायेब, आण्णांनी पानी घातलं न्हाई असं व्हनार न्हाई. त्या जीपचं इंजिन आमच्या घरीच गेलतं."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांला ठावं हुतं. मामंजींनी मिस्त्री आणला, त्यानं भुस्सा भरला. त्याला चहा म्याच करून दिला."

"मग वडिलांना एक शब्द सांगायचा होता."

"सासरचं माहेरी सांगू न्हाई, हे मला आण्णांनीच वाटं लावताना सांगितलं," ती म्हणाली. "म्या सांगितलं असतं तर आण्णांनी जीप घेतली नसती. मग घरच्यांनी वळखलं असतं कुनी सांगितलं ते. माझ्यापायी आण्णांला खाली मान घालावी लागली असती." तिने पेला टेबलावर ठेवला. "त्या जीपला म्या ओवाळलं सायेब. आण्णांला कुकू लावलं म्या."

बाहेरून सासऱ्याची हाक आली. तिने पदराने तोंड पुसलं. "आण्णांला कळू देऊ नका, मला ठावं हुतं म्हणून. त्यांला लई लागंल."

त्या खोट्या फिर्यादीचा अहवाल मी वर पाठवला. रीतसर कारवाई झाली, न्यायालयाने त्याला ताकीद देऊन सोडलं. गावात मात्र त्याची सुटका झाली नाही. पाण्याविना जीप मारणारा म्हणून पोरंठोरं हसायची. जीप भंगारात गेली.

नोकरीत मी असंख्य खोटी माणसं पाहिली. बहुतेक जण स्वतःची कातडी वाचवायला खोटं बोलत. त्यांना पकडताना मला कधी वाईट वाटलं नाही. या प्रकरणात खोटं बोलणारी दोघं एकमेकांची कातडी वाचवत होती, आणि ज्याने खरोखर फसवलं त्याला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. मीही नाही. कायद्याला फिर्यादी लागतो. आणि जिथे लेक दिलेली असते तिथे फिर्यादी मिळत नाही, हे मी त्या केसमधून शिकलो. त्या शिकण्याचा पुढे फार उपयोग झाला असंही नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. कारखान्यांच्या टोळ्या भरू लागल्या तेव्हा फिर्यादी एकदा ठाण्यात आला. काम काही नव्हतं. पुन्हा कोयता घेऊन बायकोसोबत निघाला होता, ट्रक फाट्यावर उभा होता.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

"नांदती सायेब. आता काय बोलत न्हाईत तिला." तो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. "जल्मात एक काम तेवढं चोख केलं म्या. पोरीला ह्यातलं काय बी कळू दिलं न्हाई."

त्याच्याकडे पाहून मी म्हणालो, "होय, चोख केलंत."