रूळमास्तरांनी तपासलेली वाट

चौतीस वर्षं रोज बारा किलोमीटर चाललेल्या माणसाला कुणी खुर्चीत बसून चालायला सांगितलं, तर तो काय म्हणेल? रूळमास्तर म्हणाले, "बरं." लेकीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

रूळमास्तर हे नाव सोबत्यांनी थट्टेने ठेवलेलं. काम साधंच. खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून रुळांच्या कडेने सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं, सैल बोल्ट दिसला की आवळायचा. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांचं जग पलंगापासून न्हाणीघरापर्यंत उरलं.

लेकीने तीन वर्षं खपून एक गेम केला होता. त्यात बंदुका नाहीत, गुण नाहीत, हार-जीत नाही. नुसती डोंगराकडे जाणारी एक वाट, आणि अधूनमधून एक आवाज विचारतो, चालणं म्हणजे काय, पोचणं म्हणजे काय. ऑफिसातल्या दोघांनी तोंडावर सांगितलं होतं, कंटाळवाणा आहे, गुंडाळून ठेव. शुक्रवारी तो बाजारात आणायचा की गुंडाळायचा, ते ठरवायचं होतं.

"उगाच माझं मन राखू नका, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही जन्मभर चाललात. तुम्ही वाईट म्हणालात तर मी सोडून देईन."

तीन दिवस ते माऊस मुठीत धरून इमानेइतबारे चालले. तिसऱ्या दुपारी लेक शेजारी येऊन बसली.

"खडीचा आवाज अगदी खरा," मास्तरांनी चांगल्यापासून सुरुवात केली. "ओल्या खडीचा वेगळा, सुक्या खडीचा वेगळा. आणि गुडघा दुखत नाही, हे मोठंच सुख. पहिल्या दिवशी अर्धा तास चाललो, मग लक्षात आलं की आपण बसलोय."

"आणि वाईट?"

मास्तरांनी हनुवटी खाजवली. "तो गृहस्थ फार बोलतो. प्रश्न विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. दुसरं म्हणजे, मी रूळ बघायचो कारण मागून गाडी यायची, गाडीत माणसं असायची. इथे मी गेलो काय, न गेलो काय, कुणाचं काही अडत नाही."

लेकीचा चेहरा उतरला. मास्तरांनी जीभ चावली, पण शब्द तर निघून गेले होते.

"आणि वरचं घर?" तिने हळूच विचारलं.

"कुठलं घर?"

लेक बघतच राहिली. बाबा तीन दिवस खाली मान घालून चालले होते. जिथे रूळच नाहीत, तिथे सैल बोल्ट शोधत. हसावं की रडावं तिला कळेना. तिने त्यांच्या हातावर हात ठेवून माऊस पुढे सरकवला. पडद्यावरची नजर वर उचलली गेली, वाट खाली सरकली, संध्याकाळचं आभाळ आलं आणि चढावर एक छोटं रेल्वे क्वार्टर दिसलं. एका खिडकीत उजेड होता.

मास्तरांनी क्षणात ओळखलं. ते त्यांचंच घर होतं.

"तुमची यायची वेळ झाली की आई दिवा लावून खिडकीत उभी राहायची," लेक म्हणाली. "मी तिला चिकटून. तुम्ही वर बघाल म्हणून वाट बघायचो आम्ही."

मास्तरांनी कधीच वर पाहिलं नव्हतं. बायकोनेही कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेसुद्धा नाहीत.

ते पुन्हा चालू लागले, खिडकीवर नजर ठेवून. दारापाशी पोचले. बटण दाबलं, परत दाबलं.

"दार उघडत नाही, बाबा. आत काय ठेवायचं ते मला सुचेना. म्हणून मग तो आवाज घातला."

"मग खरी चूक ही आहे बघ," मास्तर म्हणाले. लेकीचं मन राखायचं या वेळी त्यांच्या मनातही आलं नाही. "सोडून देऊ नकोस. त्या गृहस्थाला गप्प कर आणि दार उघडेल असं कर."

"शुक्रवारपर्यंत नाही व्हायचं ते."

"होऊ दे सावकाश," मास्तर म्हणाले. "तुम्ही दोघी खिडकीत उभ्या राहायचात. आता मी दाराशी उभा राहतो."