देठाला धरून

इंग्रजीतल्या ‘बाय’ या शब्दाने मला लहानपणी छळलं, आणि मोठी झाल्यावर मी तोच शब्द वापरून नाशिकच्या एका शाळेतल्या पोरांना तीस वर्षं छळलं. नदीजवळ बसलं तरी बाय. बसने गेलं तरी बाय. सोमवारपर्यंत वह्या द्यायच्या तरी बाय, आणि धडा कुणी लिहिला हे सांगायचं तरी बायच. मराठीत या प्रत्येक कामाला वेगळा गडी लागतो, तिथे हा एकटाच सगळ्या घरची कामं करतो. मी त्याच्या अकरा अर्थांचा तक्ता केला होता. तो पाठ नसला की माझी जीभ सुटायची, आणि टोचून बोलण्यात माझा हात धरणारं आमच्या शाळेत कुणी नव्हतं.

मागच्या जानेवारीत, मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, त्या तक्त्याने रडवलेली एक जुनी विद्यार्थिनी माझ्या दारात उभी राहिली. दहावीला ती इंग्रजीत नापास झाली, मग शाळा सुटली आणि लग्न झालं. आता चाळिशीला आली होती. दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसमध्ये, म्हणजे परदेशी जाणारी द्राक्षं जिथे निवडून डब्यांत भरतात तिथे, ती पंधरा वर्षं टेबलाशी उभी राहून काम करत होती.

“बाई, म्हैन्यानं एक गोरा साहेब येनार हाय तपासायला,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “टेबलाच्या इन्चार्जनं त्याला सगळं इंग्लिशमधी सांगायचं. मॅनेजर म्हन्ले, जमलं तर तूच इन्चार्ज, नायतर शहरातली शिकलेली पोरगी आनू.” मग चपला काढत म्हणाली, “मागल्या साली आनली व्हती तशी एक. तिला घड धरता येत नव्हता, बाई. अन् मी तिच्या हाताखाली.”

ती जागा तिला मनापासून हवी होती, आणि तिच्याइतका त्या जागेवर कुणाचा हक्क नव्हता. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि जित्याची खोड म्हणा, कपाटातून तोच तक्ता काढला.

तिने तो वरपासून खालपर्यंत पाहिला. “शब्द एकच हाय ना? मग अकरा येळा कशापायी पाठ करू?”

मला रागच आला. “मग तूच सांग, कुठे कुठे ऐकलायस हा शब्द?”

ती मांडी घालून बसली आणि भाजीची नावं सांगावीत तशी सांगायला लागली. टपरीवर चहा वन बाय टू. मुंबईची गाडी टू बाय टू. आमची खोली दहा बाय बारा. हापिसात कागद बाय हॅण्ड द्यायचा, पोष्टानं नाय. चुकलं तर बाय मिस्टेक, घावलं तर बाय चान्स. “अन् आमची पोरगी कविता बाय हार्ट करती.”

मी ऐकतच राहिले. ज्या शब्दासाठी मी हिला वर्गात उभं केलं होतं, तो हिच्या घरात कधीचा मुक्कामाला होता. नियम तिला एकही सांगता आला नसता, पण एकही ‘बाय’ तिने भलत्या ठिकाणी ठेवला नव्हता. ती गेल्यावर मी जाडजूड शब्दकोश उघडला. दोन अक्षरांच्या त्या शब्दाला बारीक टायपात पानभर जागा दिली होती. मी शिकवलेले अकरा अर्थ तिसऱ्या-चौथ्या ओळीतच संपले. किती पिढ्यांच्या किती माणसांनी या चिमुकल्या शब्दाला कामाला लावलं असेल, या विचाराने अंगावर काटा आला. आणि स्वतःची लाजही वाटली.

त्यानंतर शिकवण्याची पद्धत तिनेच ठरवली. ती एक घड आणि कात्री घेऊन यायची. आधी काम करून दाखवायची, मग मी त्या कामाचं इंग्रजी सांगायचं. हाताने केल्याशिवाय वाक्य तिच्या तोंडात बसायचं नाही. पहिल्याच दिवशी मी बाजारात उचलतात तसा घड मुठीत घेतला, तर ती केवढ्याने ओरडली. “नका, बाई! देठाला धरा!”

मण्यांवर पांढरट, भुकटीसारखा थर असतो. बोट लागलं की तो पुसतो आणि माल शिळा दिसतो. माझ्या अंगठ्याचा ठसा तिने मला उजेडात धरून दाखवला. नव्या पोरींना सगळ्यात आधी हेच शिकवतात, कात्री नंतर. मी तिला इंग्रजी सांगितलं, “होल्ड इट बाय द स्टेम.” हा बाय माझ्या तक्त्यात नव्हता.

तपासणीच्या दिवशी तिने मॅनेजरच्या मागे लागून मलाही आत नेलं. “तुमी नुसत्या उभ्या ऱ्हा.” केसांवर टोपी चढवून मी कोपऱ्यात उभी राहिले. गार हॉलमध्ये तीस-चाळीस बायका काम करत होत्या आणि आवाज फक्त कात्र्यांचा. प्रत्येकीच्या हातात देठाने लोंबणारा घड, हळूहळू फिरणारा. इतके हात चालत होते, पण एकाही मण्याला बोट लागत नव्हतं. मी देवळात कधी इतकी गप्प उभी राहिलेली नाही.

साहेब उंच होता आणि सभ्य होता. तिने पाठ केलेली वाक्यं एकेक करत सांगितली. मण्यांतली साखर कशी मोजतात तिथे अडखळली, पण तो थांबला आणि तिने वाक्य पुरं केलं. मग तो भरलेल्या डब्याकडे वळला आणि त्याने एक घड उचलायला अख्खा पंजा खाली नेला.

तिने त्याचं मनगट धरलं.

कात्र्या थांबल्या. मॅनेजरचा चेहरा उतरला. संपलं, मला वाटलं. महिन्याची मेहनत गेली आणि पंधरा वर्षंही गेली. तिने हात सोडला. तोंड पांढरंफटक पडलं होतं, आणि पाठ केलेलं एकही वाक्य तिला आठवत नव्हतं हे मला तिथूनही दिसत होतं. मग तिने तो घड स्वतः दोन बोटांनी उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

“बाय द स्टेम, सर,” ती म्हणाली. “ऑलवेज बाय द स्टेम.”

त्याने घडाकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे. तसाच देठाला धरून त्याने तो तिच्याकडून घेतला, उजेडात फिरवला, सगळ्या मण्यांवरचा थर शाबूत पाहिला. “सॉरी,” तो म्हणाला. मग मॅनेजरला त्याने विचारलं, या टेबलाचा इन्चार्ज कोण?

मॅनेजर क्षणभर घुटमळला. “शी इज,” तो म्हणाला.

साहेबाने फाइलमधला कागद तिच्यापुढे ठेवला. तळाशी इन्चार्जच्या सहीसाठी छापलं होतं ‘चेक्ड बाय’, आणि पुढे एक कोरी रेघ. तिने पेन घेतलं, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

“बाई, मराठीत सही केली तर चालंल?”

मी मान डोलावली. तिने सावकाश आपलं नाव लिहिलं, वडिलांचं नव्हे, नवऱ्याचं नव्हे, आधी स्वतःचं, ठसठशीत अक्षरात. बाकीच्या नावाला रेघ पुरली नाही.