न फुटलेला नारळ

बापूदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आमच्या सुंभाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला दोरी मोजून देत होते. निरोप आणणाऱ्या शेजाऱ्याने सायकलवरून न उतरताच सांगितलं, "शालूताई, बापूसर गेले. पहाटे, झोपेतच." मी मान हलवली आणि मोजत राहिले... अकरा वाव, बारा वाव. गिऱ्हाईकच ओशाळून म्हणालं, "राहू दे ओ, मागाहून नेतो." पण मी पंधरा वाव पुरे केले, गाठ मारली, गुंडाळी हातात दिली आणि मग दुकानाच्या फळ्या लावल्या. काय धीराची बाई, असं दोघीतिघी नंतर म्हणाल्या म्हणे. धीर कसला... सांगितलेलं काम अर्धवट टाकायची मला धास्ती आहे. ती कशी बसली ते आज महिन्याभराने लिहायला बसले आहे.

बापूदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, रत्नागिरीतल्या एका शाळेत पी.टी.चा शिक्षक. मी आमच्या घराण्यातली गोष्टीवेल्हाळ बाई. बारसं असो, तेरावं असो, जेवणाची पानं मांडेपर्यंत पाहुण्यांना रमवायचं काम माझ्याकडे. आवाज मोठा, देह त्याहून मोठा, त्यामुळे एकदा बसले की मला उठवणंही कठीण. माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे बापूदादाच्या मैदानाची. लोक पोट धरून हसायचे. ती गोष्ट मी इतकी वर्षं अर्धीच सांगत आले.

त्याची शाळा सड्यावर. सडा म्हणजे सगळा जांभा दगड, वर बोटभर लाल खडी. त्यावर पोरी खो-खो खेळायच्या आणि किसणीवर किसल्यासारखे गुडघे घेऊन घरी जायच्या. बापूदादाच्या खिशात शिट्टीच्या जोडीला आयोडिनची बाटली कायमची. एका वर्षी दोघींचे दात पडले. मग आया येऊन सांगू लागल्या, "सर, पोर लग्नाची हाय. तोंडाबिंडाला लागलं तर कोण करील तिला?" बारा जणींच्या संघातल्या सात उरल्या. बापूदादाला मूलबाळ नव्हतं. त्या पोरींचा खेळ बंद पडणं त्याला सोसण्यातलं नव्हतं. मुंबईत आता हॉकीसाठी प्लॅस्टिकचं गवत अंथरतात, असं त्याने पेपरात वाचलं आणि एका मुंबईकर विद्यार्थ्याकडून त्याचा वीतभर तुकडा मिळवला. तो तुकडा त्याने दुपारी अंगणात ठेवला आणि तासाभराने मला म्हणाला, "शालू, हात लाव." मी लावला आणि कळवळले. मग त्याने सदऱ्याची बाही वर करून स्वतःचं कोपर त्यावर खसाखसा घासलं. सालटं निघालं. "दिसायला हिरवं, पण जात किसणीचीच," म्हणून त्याने तो तुकडा पाय पुसायला दारात टाकला.

पण डोक्यातला किडा गेला नाही. एक दिवस तो आमच्या दुकानात आला आणि काथ्याच्या जाळीवर, जी आम्ही वाड्यांच्या बांधांवर माती धरून ठेवायला विकतो, चक्क चपला काढून उभा राहिला. "ह्यातून हरळी वर आली तर? मुळं जाळीला धरतील, जाळी मुळांना धरील." मी म्हटलं, "दादा, गुरांना चरायला बरं पडेल." पण जाळी मीच दिली, जोड मीच शिवले. दोन महिने तो आणि पोरी राबल्या. खाली फोडलेला जांभ्याचा चिरा, वर नदीची वाळू, खाडीची नाही कारण मिठाने हरळी मरते, त्यावर माती, त्यावर जाळी, आणि जाळीच्या डोळ्याडोळ्यांतून टोचलेली हरळी. पावसाळाभर कुणाला पाय ठेवू दिला नाही. एक गाय शिरली तर तिच्यामागे हा पन्नाशीतला गृहस्थ शिट्टी वाजवत धावला.

आणि मग त्याच्या परीक्षा. कळशीभर पाणी ओतायचं आणि ते जिरेपर्यंत आकडे मोजायचे. कॅनव्हासचे बूट घालून, हाफ पँटीत, एका पायावर गरगर फिरायचं; पाय अडकतो की सुटतो ते बघायचं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. सुमनवहिनी म्हणायची, "ह्यांना कुणाची तरी दृष्ट लागली." सगळ्यात मोठी परीक्षा नारळाची. आपल्या घराच्या चौकटीवर त्याने सातवीतल्या पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर पेन्सिलीची रेघ ओढली होती, तेवढीच खूण एका काठीवर. त्या उंचीवरून सोललेला नारळ सोडायचा. जुन्या मैदानावर सोडलेले सगळे नारळ तडकले. नापास झालेल्या त्या नारळांच्या वाटणात वहिनीच्या घरी महिनाभर माशाचं कालवण झालं. नव्या मैदानावर मात्र एकच नारळ वीस ठिकाणी सोडला आणि वीसही वेळा तो हरळीत बसून राहिला, न तडकता. बापूदादाने तो छातीशी धरला. "डोकं शाबूत राहिलं गं, बाय," एवढंच म्हणाला.

उद्घाटनाला शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आले. खो-खोच्या खांबाच्या पायथ्याशी पूजा झाली आणि अध्यक्षांनी नारळ आपटला. नारळ टुणकन उडून बाजूला. पुन्हा आपटला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी अध्यक्ष नारळासकट खाली बसले. पोरी तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या, आणि बापूदादाचा चेहरा असा फुललेला की जणू त्याचाच सत्कार चाललाय. शेवटी पूजेचं तबक सांभाळत मीच, मोठ्या शहाणपणाने, शाळेच्या गड्याला म्हटलं, "अरे, पायरीचा चिरा आण की तो." चिरा आला, खांबाशी ठेवला, एका फटक्यात नारळ फुटला, टाळ्या झाल्या... माझी गोष्ट इथे संपायची.

आता पुढची. त्याच संध्याकाळी बापूदादाला आणि वहिनीला हेदवीला जायचं होतं. मैदान पुरं झालं तर दशभुजा गणपतीला नैवेद्य करीन, असं वहिनी बोलून बसली होती. एस.टी.त चढताना तो मला म्हणाला, "शालू, उद्या पोरी यायच्या आत तो चिरा तेवढा हलव. विसरू नको." मी म्हटलं, "तू जा रे निर्धास्त." विसरले नाही मी. सकाळी गेले होते. पण चिऱ्यावर हळदकुंकू होतं, कुणीतरी जास्वंद वाहिली होती, उदबत्ती लावली होती. गडी म्हणाला, "पुजलेला हाय ओ. आमी नाय हात लावणार." आणि मलाही... खरंच सांगते, हात पुढे होईना. नव्या कामाच्या दुसऱ्याच दिवशी पुजलेला दगड उचलून कुठे टाकायचा? दादा आला की गुळखोबरं ठेवून, मान देऊन हलवू, असं मी ठरवलं. उचलला नाही, नुसता सरकवून खांबाच्या अगदी जवळ तेवढा ठेवला, म्हणजे कुणाच्या वाटेत यायला नको. खो-खोत खांबाशीच सूर मारतात, हे मला कुठे ठाऊक.

सुलभा नववीतली, सावर्ड्याकडची, मामाकडे राहून शिकणारी. संघातली सगळ्यात चपळ. त्या दिवशी पहिल्यांदाच मऊ जमीन मिळालेली, त्यामुळे न भिता, पूर्ण अंग झोकून तिने सूर मारला... कपाळ चिऱ्यावर. जीव वाचला. डावा डोळा गेला.

कमिटी बसली. मी दाराबाहेर उभी होते, सांगायला म्हणूनच गेले होते. आत अध्यक्ष विचारत होते, "त्या जाळीत पाय अडकला असणार. काय म्हणता, सर?"  मला वाटलं आता चिऱ्याचं निघेल, आणि चिऱ्याचं निघालं की माझं. बापूदादा म्हणाला, "मैदान मी केलं. जे झालं ते माझ्याकडे." बाहेर येताना मी दिसले तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, घरी वहिनी वाट बघत्ये." मी चालू लागले. आत गेले नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, त्या दिवशी एक शब्द फुटला नाही.

आठवड्यात कमिटीने जाळी उपटली. मुळं तिला इतकी धरून बसली होती की गड्यांना कोयत्याने तोडावी लागली. वर पुन्हा लाल खडी पसरली. पावसच्या एका शाळेने असंच मैदान करायचं म्हणून जाळी सांगून ठेवली होती, त्यांनी नको म्हणून कळवलं. पुढच्या वर्षी मुलींचा संघच नव्हता. बापूदादा निवृत्तीपर्यंत त्या खडीवर कवायत घेत राहिला. आयोडिनची बाटली पुन्हा खिशात. चिरा परत पायरीला लागला. आजही पोरं त्यावर पाय देऊन वर्गात जातात.

आणि मी निर्लज्जासारखी गोष्ट सांगत राहिले. लोक मागायचे, "शालूताई, ती नारळाची सांगा." बापूदादा समोर असायचा, सगळ्यांबरोबर हसायचा, आणि अध्यक्ष खाली बसले, टाळ्या झाल्या, की कुणी "मग पुढे?" विचारायच्या आत तोच ओरडायचा, "चला, पानं वाढा." वर्षानुवर्षं त्याने मला त्या जागेवरून असं अलगद उचलून पलीकडे ठेवलं. एकदाच, आजारात त्याच्या उशाशी बसले असताना, मी म्हटलं, "दादा, त्या चिऱ्याचं..." तर डोळे मिटून म्हणाला, "पेज निवत्ये, आण."

बाराव्याला सुलभा आली. आता दोन मुलांची आई आहे. डाव्या बाजूचं बघायला सबंध मान वळवते. माझ्याशेजारीच बसली. म्हणाली, "सरांचं मैदान चांगलं होतं ओ. माझा पाय कुठे अडकला नव्हता. मला कोणी विचारलंच नाय." मी तिच्या हातावर हात ठेवला. त्या वेळीही बोलले नाही... तेराव्याला पोरांनी पुन्हा तीच गोष्ट मागितली. मी सांगितली. टाळ्या झाल्या इथपर्यंत आले आणि सवयीने त्याच्या खुर्चीकडे बघितलं. पानं वाढा म्हणणारं कुणी नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आतल्या खोलीत गेले. म्हणून हे पेपरासाठी लिहिते आहे. सुलभा पेपर वाचते की नाही, मला ठाऊक नाही. तिला कुणी वाचून दाखवलं, तरी तिचा डोळा आणि त्याचं मैदान, दोन्हीतलं काहीच परत यायचं नाही.

त्या दिवशी त्या आतल्या खोलीत, रेघेच्या चौकटीशेजारच्या खिळ्याला, आमच्याच दुकानच्या सुंभात बांधलेला तो वीस वेळा पास झालेला नारळ अजून होता. इतक्या वर्षांत वाळून आतलं खोबरं सुटलंय, हलवला की खुळखुळतो. वहिनी मागून येऊन म्हणाली, "शालूवन्सं, हा तुम्ही न्या. हे म्हणायचे, शालूला द्या." मी तो काढला, चौकटीवरच्या रेघेशी धरला. अजून पुसली नाहीये ती रेघ. खाली दगडी फरशी. सातवीतल्या पोरीच्या डोक्याएवढी ती उंची, मला जेमतेम खांद्याशी. मी तशीच उभी राहिले. हात सुटेना.