दंड बँकेचा, डबा आमचा

आम्ही तिघी आता वर्षातून एकदोनदाच भेटतो. तब्येतीच्या चौकश्या होतात, मुलांची कौतुकं होतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "ती बँक आठवते का गं?" झालं! चहा गार होतो आणि घरची मंडळी हळूच दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. एखाद्याने मनापासून छळलं की आयुष्यभराची बेगमी होते, आणि आम्हाला तर अख्ख्या बँकेने छळलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीला, एपीएमसी मार्केटच्या अलीकडे, एका गाळ्यात आमचं पोळीभाजी केंद्र होतं. कुंदाताई मालकीण, मूळच्या साताऱ्याकडच्या, बोलायला कमी आणि कामाला वाघ. विमल इथल्याच गावठाणातली. तिच्या भाकरीसाठी मार्केटातले व्यापारी थांबून राहायचे. आणि मी बी.कॉम., त्यामुळे हिशेब आणि भांडणं, दोन्ही खाती माझ्याकडे.

* * *

कुंदाताईंचे यजमान कारखान्यात होते. ते अचानक गेले, आणि कंपनीकडून फंडाची रक्कम आली. ताईंनी त्यातला पैसाही न मोडता सगळी बँकेत मुदत ठेवीत टाकली. कोपरखैरण्याला सोडतीत त्यांना एक खोली लागली होती. ठेवीची मुदत भरली की शेवटचा हप्ता भरायचा आणि दोन मुलींना घेऊन स्वतःच्या घरात जायचं, एवढा एकच बेत त्या बाईच्या आयुष्यात होता.

केंद्र काढायचं तर भांडवल हवं. बँकेचे मॅनेजर प्रधानसाहेब म्हणाले, ठेव मोडू नका, ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. म्हणजे खात्यात नसले तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढता येतील, फक्त त्यावर व्याज पडेल. कुंदाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी माज्याच पैशावर मीच व्याज भरायचं?"

"तशी पद्धतच आहे, ताई."

"आमच्याकडं पन हाय ही पद्धत. आमी तिला येड्यात काढनं म्हणतो."

प्रधानसाहेब हसले. सही मात्र झाली, कारण दुसरा इलाजच नव्हता.

* * *

त्याच बँकेतून महिन्याभरात निरोप आला, स्टाफला दुपारचे डबे हवेत. आम्हाला कोण आनंद झाला! बँकेसारखं गिऱ्हाईक, म्हणजे पैसे बुडायची भीती नाही.

पैसे बुडत नव्हते, पण वरही येत नव्हते. पहिल्या महिन्याचं बिल दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्याचं चौथ्यात, आणि मग विचारूच नका. व्हाउचर पास व्हायचंय, हेड ऑफिसला गेलंय, सहीचे साहेब रजेवर आहेत. डबे मात्र रोज वेळेवर गेलेच पाहिजेत, पाच मिनिटं उशीर झाला की फोन! त्यात तेल भडकलं, किराणावाल्याने उधारी थांबवली आणि आमची ओव्हरड्राफ्टची मर्यादा ओलांडली गेली.

पुढच्या वेळी पासबुक भरून आणलं तर त्यात मर्यादा ओलांडल्याचा दंड, दंडावर व्याज, आणि त्या व्याजामुळे मर्यादा आणखी ओलांडली म्हणून पुन्हा दंड. मी हिशेब करून बघितला. बँकेने आमचं बिल वेळेवर दिलं असतं तर मर्यादेच्या आसपासही आम्ही गेलो नसतो.

मी हे विमलला समजावून सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"म्हंजे आपलाच डबा खातान, नि आपल्यालाच दंड लावतान?"

ओव्हरड्राफ्ट इतक्या थोडक्यात मला बी.कॉम.लाही कुणी शिकवला नव्हता.

* * *

आम्ही बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावर कुलकर्णी होते. ते म्हणाले, दंड बरोबर आहे. मी म्हटलं, अहो, तुमच्याच बँकेने आमचे पैसे अडकवलेत. ते म्हणाले, ते खर्चाचं टेबल, सावंतांकडे विचारा. सावंत शेजारीच बसले होते, हाताच्या अंतरावर. ते म्हणाले, बिल निघेल, पण दंडाचं मला काही माहीत नाही, ते कुलकर्णींचं टेबल.

दोघं रोज दुपारी एकाच डब्यातली भाजी वाटून खायचे, हे आम्हाला माहीत होतं. पण कामाच्या वेळात एकमेकांकडे मान वळवायची नाही, अशी शपथच घेतली होती जणू. आम्ही कितीतरी वेळ इकडून तिकडे फिरत राहिलो.

शेवटी विमल म्हणाली, "मंग दोघांच्या खुर्च्या समोरासमोर मांडा ना. तवरं तरी करा."

कुलकर्णींनी चष्मा पुसला. म्हणाले, आमच्या हातात काही नाही, दंड कॉम्प्युटरने लावलाय. तेव्हा बँकेत कॉम्प्युटर नुकताच आला होता. काचेच्या खोलीत, एसीमध्ये, एकटा बसलेला असायचा. आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत.

कुंदाताई त्या खोलीकडे बघत म्हणाल्या, "मग त्याला बाहेर बोलवा. आमी त्याच्याशीच बोलतो."

* * *

यानंतरचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. बँकेचं पत्र आलं: महिनाअखेरपर्यंत थकलेली रक्कम भरा, नाहीतर ठेव मोडून वसूल करण्यात येईल. ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज बुडणार, रक्कम कमी होणार आणि खोलीचा हप्ता चुकणार. हप्ता चुकला की खोली दुसऱ्याच्या नावावर.

एक दिवस कुंदाताईंच्या पोळ्या तव्यावर करपल्या. केंद्र सुरू झाल्यापासून त्यांची एक पोळी करपलेली मी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "ताई, बसा जरा." त्या म्हणाल्या, "बसले की मुली डोळ्यापुढं येतात गं." मी गॅस बंद केला आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. मला त्या बँकेचा इतका राग आला होता की कुलकर्णींच्या भाजीत मूठभर मीठ घालावं असं वाटलं.

विमल तर बँकेचे डबेच बंद करा म्हणत होती. कुंदाताई एवढंच म्हणाल्या, "अन्नावर राग काढायचा न्हाई."

* * *

पण केंद्राचा एक नियम होता आणि तो कुंदाताईंनी पहिल्या दिवसापासून पाळला होता. ज्याने बिल चुकतं केलं असेल त्याच्याच डब्यात लोणचं. थकबाकीदाराला पोळी, भाजी, आमटी, भात सगळं मिळणार, पोटाला कमी पडणार नाही, फक्त लोणचं नाही. मार्केटमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. एखाद्या दलालाच्या डब्यात लोणचं दिसलं नाही की शेजारचे गाळेवाले त्याच्याकडे बघून खाकरायचे, आणि संध्याकाळपर्यंत बिल यायचं.

बँकेला बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. एकदा मार्केटमधले एक बटाट्याचे मोठे व्यापारी प्रधानसाहेबांच्या केबिनमध्ये आपला डबा घेऊन जेवायला बसले. दोघांचेही डबे आमचेच. व्यापाऱ्याने झाकण उघडलं, साहेबांच्या डब्यात डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, तुमची बँक बरी हाय ना? माझी ठेव हाय इथं!"

दुपारीच प्रधानसाहेबांचा फोन आला. डब्यात लोणचं का येत नाही? फोनवर कुंदाताई होत्या.

"बिल आलं की लोणचं येतं, साहेब."

दोन दिवसांत आमच्या थकलेल्या बिलाचा चेक आला. पण दंड काही माघारी आला नाही. आलेल्या पैशांतून मर्यादेवर उचललेली मुद्दल भरली, उरलेले किराणावाल्याने आणि गॅसवाल्याने उंबऱ्यावरच उचलले; थकला तो फक्त दंड. प्रधानसाहेब म्हणाले, दंड परत करायचा अधिकार माझा नाही, हेड ऑफिसला लिहितो. आणि महिनाअखेर येऊन ठेपली.

* * *

शेवटच्या दिवशी आम्ही डबे वेळेआधीच पोचवले आणि तिघीही प्रधानसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. कुंदाताईंनी एवढंच सांगितलं, "दंडाचा निकाल लागल्याबिगर मी उठनार न्हाई."

साहेब म्हणाले, हेड ऑफिसचं उत्तर आलेलं नाही. मग बघू, उद्या बघू. ताई म्हणाल्या, उद्या ठेव मोडलेली असंल. साहेबांनी पंखा वाढवला आणि फायलीत डोकं घातलं.

जेवणाची वेळ झाली. शिपाई साहेबांचा डबा टेबलावर ठेवून गेला. बाहेर स्टाफनेही डबे काढले. साहेबांनी झाकणाला हात घातला आणि समोर बसलेल्या आम्हा तिघींकडे बघितलं. जिने हे रांधलं ती बाई उपाशी समोर बसलेली असताना घास कसा उचलायचा? त्यांनी संकोचत विचारलं, "ताई, तुम्ही पण दोन घास घ्या ना."

"मी आज काय खानार न्हाई," कुंदाताई म्हणाल्या.

"निदान चहा?"

"न्हाई. फक्त पानी."

साहेबांनी झाकण परत लावलं. काचेपलीकडून कुलकर्णी बघत होते, त्यांनीही लावलं. मग सावंतांनी. अख्ख्या शाखेत आमटीचा वास दरवळत होता आणि कुणी जेवत नव्हतं. कुंदाताई डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. मला वाटलं, बँकेला शिव्या देतायत.

कुलकर्णी आत आले आणि साहेबांच्या कानाला लागले, पण त्यांचं कुजबुजणंही ऐकू यायचं. "साहेब, बाई उपोषणाला बसल्यात."

मी आणि विमलने एकमेकींकडे बघितलं. आम्हाला न सांगता, न विचारता हे काय ठरवलं बाईने? मला राग आला आणि लगेच भीतीही वाटली. त्यांचं ब्लडप्रेशर, सकाळपासूनचे कष्ट, घरी दोन मुली. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता.

एव्हाना बातमी मार्केटात पोचली होती. दोनचार हमाल आणि तो बटाट्याचा व्यापारी काउंटरपाशी येऊन उभे राहिले. नुसते उभे होते. साहेबांनी हेड ऑफिसला फोन लावला. "नाही सर, भांडण नाही. बाई काही बोलतच नाहीत. म्हणून तर... हो सर, उपोषण. नाही सर, पाण्याशिवाय काही घेत नाहीत. सर, मार्केटमधले लोक जमायला लागलेत. उद्या पेपरात आलं तर..." मग बराच वेळ ते नुसते "हो सर" म्हणत राहिले. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

फोन ठेवला. कुलकर्णींना बोलावलं. कुलकर्णींनी सावंतांना बोलावलं. दोघं एका टेबलापाशी शेजारी शेजारी उभे राहून लिहू लागले, हे आम्ही प्रथमच बघत होतो. सगळा दंड, दंडावरचं व्याज, व्याजावरचा दंड, सगळं रद्द. पासबुकात नोंद झाली, साहेबांची सही झाली. मी ती नोंद वाचली, पुन्हा वाचली, आणि ताईंना म्हटलं, "ताई, ठेव वाचली." विमलने पदर डोळ्याला लावला. कुंदाताईंनी डोळे उघडले, पासबुक कपाळाला लावलं आणि पिशवीत तळाशी ठेवलं.

प्रधानसाहेबांनी शिपायाला आधीच पिटाळलं होतं. तो मोसंबीच्या रसाचा ग्लास घेऊन आला. काउंटरपाशी माणसं दाटली होती. साहेब उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ग्लास ताईंच्या पुढे धरला.

"ताई, तुमची मागणी मान्य झाली. आता उपोषण सोडा."

कुंदाताईंनी ग्लासकडे बघितलं, खिडकीतून बाहेरच्या टळटळीत उन्हाकडे बघितलं.

"असं कसं सोडू, साहेब? चंद्र उगवायला लई येळ हाय अजून. आज संकष्टी न्हाई का!"

साहेब ग्लास धरून तसेच उभे राहिले. एकदा ताईंच्या पिशवीकडे बघितलं, एकदा फोनकडे बघितलं, एकदा काउंटरपाशी जमलेल्या माणसांकडे. मग हळूच खाली बसले, ग्लास बाजूला ठेवला आणि आपला डबा पुढे ओढला.

"मग ताई," ते म्हणाले, "आम्ही जेवलो तर चालेल?"