मॉड आँटीची वीस पावलं

मॉड ब्लेंकिन आँटी रुबार्ब, ही आंबट देठांची भाजी, लावते ती पिलबॉक्समध्ये. १९४० साली जर्मन येतील म्हणून आमच्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर या सहाकोनी काँक्रीटच्या खोल्या बांधल्या. जर्मन आले नाहीत. बंदुकीच्या फटींत आँटीने पोती कोंबली आणि आत मिट्ट काळोख केला. काळोखात रुबार्बचे देठ गुलाबी, कोवळे राहतात. मदरिंग संडेला, म्हणजे आयांच्या रविवारी, चॅपलमध्ये सगळ्या गावाला तिच्याच हातचं क्रम्बल लागतं: साखरेतले देठ, वर पिठालोण्याचा खरपूस चुरा आणि गरम कस्टर्ड.

आमचा किनारा चिकणमातीचा. समुद्र तो दरवर्षी खातो. म्हणून एक मार्चला आँटी पिलबॉक्सपासून कड्यापर्यंत पावलं मोजते. गेली दहा वर्षं उत्तर एकच, वीस. "समुद्र दमला," असं ती सगळ्यांना सांगायची आणि आम्हाला ते पटायचंही.

यंदा मी टेप घेऊन गेले. कड्याची मोजणी ही माझी नवी नोकरी.

"वीस!" आँटी ओरडली.

"आँटी, नऊ मीटर भरतंय. दहा वर्षांपूर्वीच्या नकाशात पंधरा आहे."

"तुझी टेप आखडलीय."

"परत चाला बघू."

ती चालली. एका बुटाची टाच दुसऱ्याच्या टोकाला जवळजवळ टेकत होती. तिचं तिलाच दिसलं. गुडघ्यांवर हात ठेवून ती खो खो हसत सुटली. "म्हणजे समुद्र नाही गं, मीच दमले!"

कडा दहा मीटरच्या आत आला की कुंपण घालून जाणं-येणं बंद करायचं, असा नियम. सोमवारी मलाच घालायचं होतं.

"देठांना अजून तीन आठवडे हवेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"लहानपणी माझं क्रम्बल खाऊन मोठी झालीस, कार्टे!"

दुसरा पिलबॉक्स कड्यापासून बराच लांब, राल्फ हार्करच्या शेतात होता. पण त्याने गेल्या वर्षी तिच्या क्रम्बलला 'जरा आंबट' म्हटलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. आँटी तडक त्याच्या दारात गेली.

"हार्कर, तुझा पिलबॉक्स हवाय."

"आंबट माल ठेवायला?"

"तुझ्या जिभेएवढा आंबट नाही."

"क्रम्बलच्या दोन वाट्या मिळतील?"

"मिळतील. आधी त्यात टाकलेलं ते मोडकं यंत्र बाहेर काढ."

शनिवारी सगळा गाव ढकलगाड्या घेऊन आला. उजेड लागू नये म्हणून रोपांवर घोंगड्या घातल्या होत्या. आजारी माणसं हलवावीत तशी आम्ही ती हलवली.

मदरिंग संडेला देठ गुलाबीच निघाले. हार्करने दुसरी वाटी चाटूनपुसून संपवली. "जरा..." तो म्हणाला आणि सगळं चॅपल त्याच्याकडे वळलं. "जरा कमीच वाढलंस, मॉड."

जेवणानंतर आँटी नव्या पिलबॉक्सपासून मोजायला निघाली, हार्करचा हात धरून. तीनशे पावलं झाल्यावर ती बांधावर बसली. कडा अजून लांबच होता.

"उरलेली पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "टेप तूच आण."