तिसरी शिट्टी

विनुता तंजावूरच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. सव्वीस वर्षं झाली. सुरुवातीला बाईमाणूस पंच म्हणून लोक मैदानाबाहेरून तमिळमध्ये नाही नाही ते ओरडायचे. ती मागे वळून बघायची नाही. फाउल दिसला की शिट्टी, मूठ वर, गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी जाऊन खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवायचा, फाउल कसला ते खुणेनं सांगायचं. एवढं नीट केलं की ओरडणारे आपोआप थकतात, असं ती म्हणते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, तंजावूर विरुद्ध ओरत्तनाडु. दुपारचे चार वाजले होते. कॉलेजचं सिमेंटचं मैदान तापलं होतं. दुसरा पंच वैद्यनाथ. तोही विनुतासारखाच तंजावूरच्या मराठी घरातला, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

मध्यंतरात पाणी पिताना तो म्हणाला, "अक्का, ते ट्रॅव्हलिंग बरं धरलंत. मला दिसलंच नव्हतं."

"मी कुठं धरलं? शिट्टी तुझी होती."

"माझी नाही अक्का. मला वाटलं तुमची."

मुलगी चेंडू न आपटता तीन पावलं चालली होती, हे विनुतानं पाहिलं होतं. पण ती फुंकणार, इतक्यात शिट्टी वाजली होती. आसपास दुसरं मैदान नव्हतं. रस्ता लांब होता. प्रेक्षकांत कुणाकडं शिट्टी आहे का, म्हणून वैद्यनाथ विचारून आला. कुणाकडं नव्हती.

शेवटचे चार सेकंद उरले. ओरत्तनाडु एका गुणानं मागे. त्यांची नऊ नंबरची मुलगी बास्केटखाली उडी मारून वर गेली आणि तंजावूरच्या पाच नंबरचा हात तिच्या मनगटावर बसला. विनुतानं स्पष्ट पाहिलं. शिट्टी तिच्या ओठांत होती. पण तिनं फुंकली नाही. आता फाउल दिला, तर सामना आपणच ठरवला असं होईल. खेळू दे त्यांना.

आणि शिट्टी वाजली.

दहाच्या दहा मुली जागच्या जागी थांबल्या. चेंडू कड्याला लागून बाहेर पडला. घड्याळ दोन सेकंदांवर थांबलं. वैद्यनाथनं लांबूनच मान हलवली : मी नाही. टेबलावर गुणपत्रक लिहिणारी अखिला पेन धरून विनुताकडं बघत होती.

चुकून वाजली, असं सांगता आलं असतं. नियमात त्याचीही सोय आहे. पण विनुतानं मूठ वर केली. टेबलापाशी जाऊन तिनं पाच बोटं दाखवली, मनगटावर हात आपटून दाखवला, मग दोन बोटं : दोन फ्री थ्रो.

नऊ नंबरच्या मुलीचे दोन्ही नेम चुकले. तंजावूर एका गुणानं जिंकलं.

मैदान रिकामं होताना पाच नंबरची मुलगी जवळ आली. "मॅडम, मी मारलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण शिट्टी माझ्या अगदी कानाशी वाजली. तुम्ही तर समोर होता."



दुसऱ्या दिवशी अखिलानं टेबलावर फोन उभा करून घेतलेलं चित्रण दोघा पंचांना दाखवलं. चेंडूचा आवाज होता, बुटांचा होता, मुलींच्या हाका होत्या, कावळेही ओरडत होते. शिट्टी मात्र कुठंच नव्हती. दहा मुली धावत होत्या आणि एकाच क्षणी, कुणी मानगूट धरावी तशा, थांबल्या. विनुता हात खाली सोडून उभी होती. तिचे गाल फुगलेले नव्हते. तिघांनी ते चार वेळा पाहिलं. मग अखिलानं न विचारता पुसून टाकलं.

वैद्यनाथ त्या मैदानावर पुन्हा उभा राहिला नाही. विनुता राहते. डोळ्यांना दिसलेला फाउल मात्र ती आता सोडत नाही, सेकंद कितीही उरलेले असोत.

सामन्याआधी ती दुसऱ्या पंचाला एकदा शिट्टी फुंकायला लावते. गेल्या महिन्यात एका नव्या पंचानं विचारलं, "हे कशाला मॅडम?"

"तुझा आवाज ओळखून ठेवते," ती म्हणाली.

त्यानं फुंकली. तिनं फुंकली. मग चेंडू काखेत धरून ती जराशी थांबली, आणि आणखी काही ऐकू येत नाही अशी खात्री झाल्यावर मधल्या वर्तुळाकडं चालू लागली.