पुनारामच्या देवखोलीची फळी

चिचगडच्या पुनारामनं जन्मभर जंगलखात्यात मजुरी केली आणि गार्डाच्या नजरेखाली राबण्याचा जन्मभर तिटकारा केला. म्हणून मुलानं, रोशननं, दिवाळीत हैदराबादहून ते चाकांचं यंत्र आणलं तेव्हा पुनारामनं त्याचं नावच ठेवलं गार्ड. गुडघ्याएवढं, वर कॅमेरा. म्हातारा घरात जिथं जाईल तिथं हे मागं मागं. तो पडला किंवा फार वेळ हलला नाही की रोशनच्या फोनवर घंटी वाजायची. मला हे खूळ वाटलं होतं, पण शेजाऱ्याचं कोण ऐकतं?

पुनारामनं सगळं चालवून घेतलं, देवखोली सोडून. तिथं त्याचे पुरखे होते. बायको दुर्पता वारल्यावर तिचा जीवही रीतीप्रमाणं तिथंच आणून बसवला होता. बाहेरच्यानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

"ते बाहेरचं हाय," पुनाराम म्हणाला आणि त्यानं दारात आडवी फळी ठोकली.

गार्ड फळीपाशी थांबायचा. आत म्हातारा दुर्पताशी बोलत बसायचा, खूप वेळ, आणि तिकडे कामावर रोशनचा फोन वाजत राहायचा. शेवटी रोशननं फोनमध्ये त्या खोलीला 'पूजा' असं नाव दिलं आणि तिथली घंटी बंद केली. बापाची रीत राखली पोरानं. त्यात त्याचं काय चुकलं, मला आजही सांगता येत नाही.

मोहफुलांच्या दिवसांत एका दुपारी पुनाराम तंबाखू मळायला माझ्या ओट्यावर आला नाही. हाका मारत मी घरात गेलो. गार्ड फळीला टेकून उभा होता. आत पुनाराम आडवा पडलेला, शेजारी पाण्याचा तांब्या कलंडलेला. मी फळी ओलांडली, पण तो गार झाला होता. डॉक्टर म्हणाला, सकाळीच पडला असेल, बराच वेळ जीव होता. ते ऐकून मला तिथंच रडू आलं.

रोशनच्या फोनवर सकाळपासून एकच ओळ होती: बाबा पूजेत आहेत.

पुढं रीतीप्रमाणं पुनारामलाही दुर्पताशेजारी आणून बसवलं. सगळे गेल्यावर रोशन फळीच्या अलीकडेच बसून राहिला. मी त्याला म्हटलं, मी बाहेरचा असून तुमच्या देवखोलीत शिरलो, मनात काही ठेवू नकोस.

त्यानं फळीवरून हात फिरवला.

"तुमी त बाहेरचे असून गेले, काका," तो म्हणाला. "मी घरचा होतो न."